अक्काची किडनी जळगावला जाते

धुळ्याहून जळगावला जाऊन आलेला माणूस प्रवासवर्णन लिहीत नाही. फार तर घरी येऊन पाय धुतो, चहा मागतो आणि रस्त्याचं काम अजून चालूच आहे असं सांगतो. मीही तेवढंच केलं असतं. पण या प्रवासाला आम्ही तिघं निघालो होतो. त्यांतल्या एकीचं तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता, आणि मैदानावर पुकारा झाला तो नेमका तिच्याच नावाचा. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो. वस्तू क्रमाने ठेवणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो.

धुळे

सात वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. तेव्हा थोरल्या बहिणीने, अक्काने, आपली एक मला दिली. नवी बसवताना जुन्या काढत नाहीत, हे मला नंतर कळलं. म्हणजे माझ्या पोटात आता तीन आहेत. दोन निवृत्त होऊन जागा अडवून बसलेल्या, आणि उजव्या बाजूला खाली, कोपऱ्यात, तिसरी. ती तिघींचं काम करते. शिंदखेड्याजवळच्या तिच्या सासरी अक्काचंही साधारण असंच होतं.

माझं शरीर मात्र त्या तिसरीला अजून परकीच समजतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला गोळ्या घेऊन त्याला गप्प बसवावं लागतं. ते गप्प राहिलं की ती नांदते.

दर रविवारी सकाळी अक्काचा फोन यायचा. माझी चौकशी नसायची. “कशी शे?” एवढंच विचारायची, लेक परक्या घरी दिलेली आई विचारते तसं.

“चांगली आहे,” मी म्हणायचो.

“आहे म्हणे!” ती हसायची. “आमना भाऊ शहरना व्हई गया.”

आमच्या गावाकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, आणि ळ उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. काळा तो काया, डोळा तो डोया, पळ म्हणायचं तर पय. मी शाळेच्या पुस्तकातून ळ शिकलो आणि पुढे जन्मभर त्याला धरून राहिलो. अक्काच्या फोनचा शेवट ठरलेला असायचा: “तिले बसाडी ठेवाले नई दिधी मी. पयाड तिले जरा.” तिच्या किडनीला मी पळवावं, अशी तिची अपेक्षा होती. मी तिला घेऊन वाचत बसलो.

या प्रवासाच्या आदल्या हिवाळ्यात कापूस वेचता वेचता अक्का वावरात खाली बसली ती उठली नाही. हृदय बंद पडलं. एका किडनीचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण दहाव्याला डॉक्टर आलेले नव्हते. जे आले होते ते म्हणत होते, “एकच किडनी व्हती बाईले,” आणि म्हणताना माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होते. अक्काचे यजमान, आमचे दाजी, काहीच बोलले नाहीत. पुढे चौदा महिने काहीच बोलले नाहीत. सणावाराला गेलो तर चहा पुढे यायचा, पाऊसपाणी निघायचं आणि संपायचं. दाजी मला दोष देतात की नाही, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. विचारायची हिंमत नव्हती आणि या विषयावर आमच्या ग्रंथालयात पुस्तक नव्हतं.

अशात अवयव बदललेल्या लोकांच्या मैदानी स्पर्धा जळगावला होणार असल्याचं दवाखान्यातल्या फलकावर वाचलं. धावणे, गोळाफेक, चालणे. चालणे हा खेळप्रकार असू शकतो हे मला पटायला दोन दिवस लागले. मग फोन केला. संयोजक बाई आधी पुस्तकी मराठीत बोलत होत्या. मी मूळचा शिंदखेड्याकडचा आहे हे कळताच त्यांचा आवाज सैल झाला.

“मंग आपला गावनाच ना तुम्ही! किडनी देनारी बहीण शे ना?”

“शे,” मी म्हणालो.

चाळीस वर्षांत मी हा शब्द परक्या माणसापुढे उच्चारला नव्हता. उच्चारला आणि तिथेच घोटाळा झाला. किडनी देणारी ती माझी बहीण ना, असं त्या विचारत आहेत असं मी समजलो. किडनी देणारी बहीण आहे ना, हयात आहे ना, असं त्यांनी विचारलं होतं. ‘शे’ दोन्हीकडे चालतो. त्यांनी अक्काचं नाव-गाव लिहून घेतलं, मी सांगत गेलो. प्रमाण भाषेत सविस्तर उत्तर दिलं असतं तर हा प्रवास पुष्कळ साधा झाला असता.

दाजींना कळवलं ते अशा बेताने, की त्यांनी नाही म्हणावं. “जळगावला स्पर्धा आहे. तुम्हाला कुठे जमायचं.”

पलीकडे बराच वेळ नुसती गोठ्यातली घंटा वाजत राहिली. मग, “काय करनं शे तठे?”

“चालायचं आहे. दीड किलोमीटर.”

“चालाले जयगावले जानं पडस का रे मास्तर? आमना गावमा रस्ता नई शे का?” ग्रंथपाल आणि मास्तर यांतला फरक मी त्यांना बरेचदा समजावून सांगितला आहे. पुन्हा घंटा. मग म्हणाले, “येस मी.” म्हणजे येतो.

अमळनेर

बेत असा होता की मी शनिवारी एसटीने अमळनेरला यायचं आणि दाजी शिंदखेड्याहून ज्या पॅसेंजरने येतील तीच तिथे पकडायची. दाजी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसणार होते. गाडी आली. सगळ्याच खिडक्यांतून डोकी बाहेर होती, आणि खानदेशात पांढऱ्या टोपीवरून माणूस ओळखायचा म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्यावरून पुस्तक ओळखण्यासारखं आहे. मी दिसेल त्या डब्यात चढून दाजींना शोधू लागलो. तेवढ्यात दाजी मला शोधायला खाली उतरले होते.

गाडी हलली तेव्हा आम्ही दोघं एकाच दाराशी होतो, मी आत, ते फलाटावर. मी हात दिला, त्यांनी धरला, आणि मागच्या दोन प्रवाशांनी माझा सदरा धरून ठेवला म्हणून अठ्ठावन्न वर्षांचा पुस्तकी माणूस सहासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला आत ओढू शकला. चौदा महिन्यांतला आमचा तो पहिला स्पर्श.

“तू कथा व्हता?” दाजी धापा टाकत म्हणाले.

“तुम्ही कुठे होतात?”

या दोन प्रश्नांवर आमचं संभाषण धरणगावपर्यंत पुरलं.

बाहेर कापसाच्या उभ्या पळाट्या, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, मध्येच गहू. धरणगावनंतर दाजींनी मांडीवरचं गाठोडं सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर हिरव्या मिरचीचा खर्डा. “तुनी बहीणना हातनी नई शे, सूनना हातनी शे,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. भरताच्या दोन पुड्या होत्या. एकीत कच्ची कांद्याची पात हिरवीगार दिसत होती. दुसरी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. तिच्यात पात नव्हती.

“तुनं अलग शे,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

गोळ्यांमुळे मला कच्चं वर्ज्य आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. अक्काने सांगितलं असणार. सुनेला ते दाजींनी सांगितलं असणार. मी खाल्लं. पुढे केळीच्या बागा सुरू झाल्या तोवर आम्ही दोघंही एकमेकांना सोडून बाकी सगळ्या गोष्टींकडे बघून घेतलं होतं.

जळगाव, शनिवार

उतरायची सोय एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या, त्यामुळे आमचं सगळ्यांचं स्वागत नवरदेवासारखं झालं. वऱ्हाड मात्र चमत्कारिक होतं. इथे ओळख करून देताना गाव आणि आडनाव नंतर येतं. आधी काय बदललं, कधी बदललं आणि कुणाचं मिळालं ते सांगतात. आमच्याकडे सोयरीक जुळवताना इतकं खोलात जात नाहीत.

माझ्या वयोगटात आणखी दोघं होते. एक कापडाचे व्यापारी, मारवाडी शेठ. त्यांना त्यांच्या पत्नीने किडनी दिलेली. “माझी मिसेस माझ्या बाहेर पण आहे, आत पण आहे,” ते म्हणाले. “आता सांगा साहेब, मी जाऊ कुठे?” पत्नी शेजारीच होत्या. “गप बसा, नाहीतर परत मागेन,” त्या म्हणाल्या. हा संवाद त्यांनी बरेचदा केला असावा, कारण दोघं एकाच वेळी हसले.

दुसरे एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांना मिळालेलं यकृत कुणा अपघातात गेलेल्या माणसाचं होतं. नाव त्यांना ठाऊक नव्हतं, कधी कळणारही नव्हतं. “तिकीट त्याचं, प्रवास माझा,” ते म्हणाले. “चेकर आला तर काय दाखवू?”

नावनोंदणीच्या टेबलाशी फोनवरच्या बाई होत्या. नाव सांगताच त्यांनी छातीवर लावायचे दोन कापडी क्रमांक काढले. एक पांढरा, एक पिवळा.

“हा तुमचा. हा अक्कांचा.”

“कुणाचा?”

“अक्कांचा. उद्या सगळ्यांत शेवटी दात्यांची फेरी आहे ना, मैदानाला एक चक्कर. हे बघा, नाव लिहिलंय, इंदूबाई भिला पाटील. आल्या ना त्या?”

मी तोंड उघडलं. चूक माझीच होती, ती दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि नोंदींतल्या चुका दुरुस्त करण्यात मी हयात घालवली आहे. पण भिला पाटील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी पिवळं कापड हातात घेतलं. अक्षर त्यांना हळूहळू लागतं. ओठ हलवत त्यांनी तीनही शब्द वाचले, मग कापडाची नीट चौघडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “दाजी, गफलत झाली आहे. मी आत जाऊन सांगून येतो.”

“ऱ्हाऊ दे,” दाजी म्हणाले.

हे ‘ऱ्हाऊ दे’ कोणत्या अर्थाचं, हे मला कळलं नाही. आमच्या बोलीत त्याचेही दोन अर्थ होतात: तसंच राहू दे, आणि तुझं मला काही ऐकायचं नाही.

जळगाव, रविवार

सकाळी मैदानावर मंडप, पाहुणे आणि नाश्ता अशी सिद्धता होती. नाश्त्याला केळी होती. जळगावात पाहुण्याला दुसरं काय देणार? पण किडनी बिघडलेल्या माणसाला सगळ्यांत आधी बंद होतं ते केळं. डायलिसिसच्या दिवसांत कित्येकांनी एकेका केळ्यासाठी घरच्यांशी भांडणं केली होती. आता परवानगी असलेलेही टेबलाभोवती उभे राहून केळ्यांकडे बघत होते, कडक सासऱ्याकडे बघावं तसे. शेठनी एक उचललं, पत्नीकडे पाहिलं आणि अर्धं परत ठेवलं.

प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. जिद्द, चिकाटी, असामान्य अशा शब्दांवर ते होते, तेवढ्यात आठ वाजले. मैदानावरचे पंचवीस-तीस फोन एकाच वेळी वाजू लागले. सगळे खेळाडू, काही पंचसुद्धा, जागच्या जागी थांबले. डब्या उघडल्या, गोळ्या तोंडात गेल्या, बाटल्या वर झाल्या. पाहुण्यांना वाटलं आपलं काही चुकलं. इतकी शिस्तबद्ध कवायत मी शाळेतही पाहिली नव्हती.

चालण्याच्या शर्यतीचा मुख्य नियम असा, की एक पाय सतत जमिनीला टेकलेला पाहिजे. दोन्ही उचलले की बाद. हा नियम माझ्या स्वभावाला इतका मानवणारा होता, की तो कुणीतरी मला बघूनच केला असावा. शिट्टी झाली. शेठ पुढे गेले, कारण कठड्यापाशी त्यांच्या पत्नी ओरडत होत्या, “अहो, माझी आहे ती, लाज राखा तिची!” कंडक्टर त्यांच्या मागे, वाटेत उभ्या प्रवाशांना बाजूला सारत जावं तसे खांदा तिरपा करून. मी त्यांच्या मागे. शेवटच्या वळणावर मला बाजूला टोपी दिसली. दाजी माझ्या पायांकडे बघत होते.

“कितवा उना?” त्यांनी नंतर विचारलं.

“तिसरा.” गळ्यात कांस्यपदक होतं.

“किती व्हतात?”

“तीन.”

दाजींनी विचार केला. “बरं शे. चौथा तं नई उना.”

उन्हं तापली तशी दात्यांची फेरी आली. यात स्पर्धा नव्हती. चालावं, पळावं, ज्याला जे जमेल ते. ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव पुकारत होते आणि पिवळा क्रमांक लावलेलं एकेक माणूस रेघेवर जाऊन उभं राहत होतं. आया होत्या, भाऊ होते, एक सासूसुद्धा होती, तिच्यासाठी टाळ्या जास्त पडल्या. शेठच्या पत्नी साडीचा पदर खोचून उभ्या राहिल्या. कंडक्टर माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्यासाठी कुणाचं नाव पुकारलं जाणार नव्हतं, तरी ते प्रत्येक नावाला मान वर करत होते.

“इंदूबाई भिला पाटील.”

मी जमिनीकडे पाहिलं.

“इंदूबाई भिला पाटील, शिंदखेडा. उपस्थित आहेत का?”

टाळ्या थांबल्या. संयोजक बाई माझ्याकडे बघून हाताने विचारत होत्या, कुठे आहेत? आता उठावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, की नाहीत. हे वाक्य मी चौदा महिन्यांत एकदाही मोठ्याने म्हटलेलं नव्हतं, आणि ज्या माणसापुढे म्हणायची सर्वांत जास्त भीती होती तो दोन हातांवर बसला होता.

“शेवटचा पुकारा. इंदूबाई…”

“शे!”

दाजी उभे राहिले होते. वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचा आवाज होता तो. “शे! आठे शे!”

“कुठे? पुढे येऊ द्या त्यांना,” पंच म्हणाले.

दाजींनी माझ्या पोटाकडे बोट केलं, बरोबर उजवीकडे, खाली. “आठे. त्याना पोटमा. वरीस व्हई गयं तिले जाईसन, पन इतली शे अजून.”

पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं. एकाच व्यक्तीला प्राप्तकर्ता आणि दाता अशा दोन्ही गटांत भाग घेता येतो का, हे ते खरोखरच शोधू लागले. वाचणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमी आदर वाटतो, पण तेव्हा रेघेवरून शेठच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, पुस्तक मिटा. बाई आलेली आहे, दिसत नाही का?”

पुस्तक मिटलं.

दाजींनी खिशातून चौघडी काढली. माझ्या पांढऱ्या क्रमांकावर पिवळा ठेवून चार टाचण्या लावल्या. त्यातली एक मला टोचली. एवढ्या जवळून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं ते पहिल्यांदाच.

“लोकं काय म्हनतस ते माले ठाऊक शे,” ते हळू म्हणाले. “तिनी खुशीनी दिधी व्हती. मी तठेच बसेल व्हतो, माले इचारीसन दिधी.” मग टाचणी नीट केली. “आते पय.”

मी पळालो असं म्हणतो. बघणाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल. सासू माझ्या पुढे होती. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की कसं वाटतं ते मी विसरलो होतो. वाटतं की आपण पडणार, आणि मग पडत नाही. अर्ध्या चकरेनंतर कठड्याच्या बाजूने टोपी माझ्याबरोबर पळू लागली आणि ओरडू लागली. काय, ते सांगायची गरज नाही. तो एकच शब्द होता, त्यात ळ नव्हता.

मी शेवटचा आलो. नियमानुसार त्या फेरीत शेवटचा कुणी नसतो.

नंतर प्रमाणपत्र मिळालं. ‘श्रीमती’ खोडून कुणीतरी ‘सौ.’ केलं होतं आणि पुढे छापलं होतं, की इंदूबाई भिला पाटील यांनी स्वतः उपस्थित राहून सहभाग घेतला. सवयीने मी ते चुका शोधत दोनदा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

परत

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. दाजींनी प्रमाणपत्र घडी पडू न देता भाकरीच्या फडक्यात गुंडाळलं आणि मांडीवर धरलं. पदक त्यांनी एकदा हातात घेऊन वजन केलं आणि परत दिलं. धरणगावला त्यांनी शेंगा घेतल्या, सोलल्या, माझ्या हातावर ठेवल्या. भाजलेल्या आहेत ना, हे त्यांनी विकणाऱ्याला दोनदा विचारून घेतलं होतं.

अमळनेरला मी उतरलो. या वेळी कुणी कुणाला शोधत नव्हतं; दाजी खिडकीत होते आणि मी खिडकीखाली. गाडीने शिट्टी दिली. दाजींनी गज धरला, थोडे पुढे वाकले. ते माझ्या चेहऱ्याकडे नव्हते बघत, जरा खाली बघत होते.

“कशी शे?” त्यांनी विचारलं.

रविवार होता.

“बरी शे,” मी म्हणालो. गाडी हलली तसा मी दोन पावलं बरोबर गेलो. “आज पयनी ती.”